चोवीस तासांची अट

आरोग्य विम्याच्या प्रत्येक पॉलिसीत सुरुवातीची काही पानं व्याख्यांची असतात. बहुतेक लोक ती उलटून थेट रकमेच्या पानावर जातात. माझी सगळी नोकरी एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात झाली, त्यामुळे मला ती पानं जवळजवळ पाठ आहेत. हॉस्पिटल कशाला म्हणायचं हे नियामकाने, म्हणजे इर्डाने, सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखं ठरवून दिलं आहे. एक तर कायद्याखाली रुग्णालय म्हणून नोंदणी हवी. ती नसेल, तर दहा लाखांहून कमी लोकवस्तीच्या गावात किमान १० खाटा, बाकी ठिकाणी १५. शिवाय चोवीस तास प्रशिक्षित नर्स, चोवीस तास डॉक्टर, स्वतःचं सुसज्ज ऑपरेशन थिएटर आणि रुग्णांच्या रोजच्या नोंदी. अशा ठिकाणी सलग किमान २४ तास दाखल राहिलात, तर ते हॉस्पिटलायझेशन. काही डे-केअर, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडायचे, उपचार सोडले, तर विम्याचा सगळा डोलारा या चोवीस तासांवर उभा आहे.

साताऱ्यातल्या आमच्या घरात मधल्या खोलीत एकच खाट आहे. माझा सहा वर्षांचा नातू तिच्यावर झोपतो. त्याला जन्मापासून स्नायूंचा आजार आहे, कन्जेनिटल मायोपॅथी. डोकं तल्लख, पाढे तोंडपाठ, क्रिकेटमधले सगळे खेळाडू त्यांच्या जर्सीच्या नंबरासकट माहीत. पण छातीचे आणि पोटाचे स्नायू इतके अशक्त, की झोप लागली की श्वास उथळ होतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. वर्षाचा असताना न्यूमोनिया झाला, पुण्यात लहान मुलांच्या आयसीयूत ठेवावं लागलं, तोंडातून नळी घातली. न्यूमोनिया गेला, पण नळी काढली की श्वास पुरेना. शेवटी गळ्याला छेद देऊन ट्रॅकिओस्टॉमी केली. तेव्हापासून तो रात्रभर, दुपारच्या झोपेत, आणि सर्दी-खोकला झाला की दिवसभर व्हेंटिलेटरवर असतो.

व्हेंटिलेटर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर शेवटची घटका येते. आमच्याकडे आलेली माणसं दारातच आवाज बारीक करतात. मग आतून हा टीव्हीवरचा स्कोअर ओरडून सांगतो आणि पाहुणे गोंधळतात. गळ्यात नळी असताना ओरडता येतं ते एका इवल्याशा झडपेमुळे. नळीच्या तोंडावर बसवायची, श्वास आत येऊ देणारी पण त्याच वाटेने बाहेर जाऊ न देणारी ती झडप. बाहेर जाणारी हवा मग वर स्वरयंत्रातून जाते आणि आवाज फुटतो. ती डेव्हिड म्यूअर या अमेरिकन तरुणाने बनवली. तो स्वतः मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा, म्हणजे स्नायू झिजत जाण्याच्या आजाराचा, रुग्ण होता, व्हेंटिलेटरवर होता आणि त्याला बोलायचं होतं. आमच्या नातवाला ती पहिल्यांदा लावली, तेव्हा तो स्वतःच्याच आवाजाने दचकला होता. मग थोडा वेळ नुसता 'आ' करत बसला. सूनबाई तेव्हा भिंतीकडे तोंड करून उभी होती.

विम्याच्या लेखी या झडपेला जागा नाही. विम्याचं पुढे येईलच. आधी घरात काय चालतं ते सांगते, कारण विमा ठरवणाऱ्यांनी ते बहुधा पाहिलेलं नसतं.

गळ्यातल्या नळीत कफ साठतो. आपण खोकून टाकतो, त्याला तेवढा जोर नाही. म्हणून सक्शन, म्हणजे कॅथेटर या बारीक नळीने कफ ओढून काढणं. हात धुवायचे, हातमोजे घालायचे, कॅथेटर पाकिटातून टोकाला न शिवता काढायचा. किती आत घालायचा ते मोजून ठरलेलं असतं, नळीच्या लांबीइतकाच, त्यापलीकडे गेला तर आतली त्वचा सोलवटते. आत जाताना ओढ द्यायची नाही. बाहेर येताना कॅथेटरच्या भोकावर अंगठा ठेवायचा, हलकेच फिरवत आणायचा, दहा सेकंदांच्या आत. तेवढा वेळ लेकराचा श्वास अडलेला असतो, म्हणून करणाऱ्याने आपलाही श्वास रोखून धरावा, म्हणजे अंदाज राहतो, असं पुण्यातल्या सिस्टरने आम्हाला शिकवलं. कफाचा रंग बघायचा. पांढरा, पातळ असेल तर ठीक. पिवळट, घट्ट असेल तर वाफारा वाढवायचा, डॉक्टरांना फोटो पाठवायचा. हे दिवसात कितीदा तर लागेल तेवढ्यांदा, आणि रात्रीही.

याशिवाय सर्किटमध्ये, म्हणजे मशीनच्या नळ्यांमध्ये, साठलेलं पाणी काढणं, फिल्टर बदलणं, हवा ओलसर ठेवणाऱ्या ह्युमिडिफायरचं पाणी, गळ्याची पट्टी बदलणं. पट्टीला दोन माणसं लागतात: एक नळी बोटांनी धरून ठेवणार, दुसरं बांधणार. नळी निसटली तर लगेच बसवायला त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशी दुसरी, दोन्ही खाटेला टांगलेल्या डब्यात. अलार्मचे आवाज आम्हाला आता झोपेतही ओळखू येतात. नळी सुटल्याचा निराळा, कफ अडकून दाब वाढल्याचा निराळा, बॅटरीचा निराळा.

आणि वीज. पावसाळ्यात आमच्याकडे ती कधी जाईल याचा नेम नसतो. मशीनला स्वतःची बॅटरी आहे, इन्व्हर्टर आहे, तरी अँबू बॅग हाताशी लागतेच. रबराचा तो फुगा नळीला जोडायचा आणि हाताने दाबत राहायचं, त्याच्या श्वासाच्या तालात. एका वादळी रात्री इन्व्हर्टरनेही मान टाकली, मशीनची बॅटरी संपत आली, तेव्हा मुलगा, सून आणि मी आळीपाळीने ती बॅग दाबत बसलो. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली आणि श्वासाची यंत्रं पुरेनात, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन, नळी घालून, हाताने बॅग दाबून तिला श्वास दिला. मग ब्लेगडॅम रुग्णालयात मेडिकलचे शेकडो विद्यार्थी पाळ्या लावून खाटांशी बसले आणि महिनोन्‌महिने मुलांना हाताने श्वास देत राहिले. आजची आयसीयू तिथून सुरू झाली असं मानतात. त्या विद्यार्थ्यांना त्या पाळ्यांचे पैसे मिळत होते. श्वास देणं हे काम आहे, त्याला माणूस लागतो आणि माणसाला मोबदला लागतो, हे सत्तर वर्षांपूर्वी कुणालातरी समजलं होतं.

आता पॉलिसीकडे येते.

मुलगा शिरवळच्या एका कारखान्यात आहे. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे, पाच लाखांचा. नातू आयसीयूत होता तेव्हा त्यातून पैसे मिळाले, कॅशलेस मिळाले, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. खाट, व्हेंटिलेटर, ऑक्सिजन, सक्शन, औषधं, सिस्टरची सेवा, सगळं बिलात होतं आणि सगळं मंजूर होत गेलं. पाच लाख संपले, मग आमची शिल्लक, मग माझ्या निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग. दिवसाला पंचवीस हजारांच्या घरात बिल जात होतं. डॉक्टर म्हणाले, "आजी, याला आता आयसीयूची गरज नाही. मशीनची गरज आहे. ते घरी चालेल, आणि इथल्यापेक्षा घरी त्याला इन्फेक्शनचा धोका कमी." सूनबाई आणि मुलगा दोघांनी तिथे राहून सगळं शिकून घेतलं. मी बसून बघत बघत शिकले. मग ॲम्ब्युलन्सने घरी आणला, खंबाटकी घाटात एकदा सक्शन करत.

त्या दिवसापासून विमा थांबला. मूल तेच, आजार तोच, यंत्र तेच, नळी तीच. बदललं एवढंच, की डोक्यावरचं छप्पर आमचं झालं.

व्हेंटिलेटरचा क्लेम परत आला: टिकाऊ उपकरण, देय नाही. ऑक्सिजन सिलिंडरचा परत आला. त्यासाठी तर यादीच आहे. विम्यातून ज्या वस्तूंचे पैसे द्यायचे नाहीत किंवा ऐच्छिक ठेवायचे, त्यांची यादी इर्डाने प्रमाणित केली आहे. तिच्या पहिल्या भागात ६८ नावं आहेत. बेबी फूड, सौंदर्यसेवा, कॅरी बॅग, मिनरल वॉटर, टेलिफोन, टीव्ही, झेरॉक्स, कुरियर. याच रांगेत 'रुग्णालयाबाहेर वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर' आहे, आणि नेब्युलायझर किट, आणि डायपर, आणि मदतनिसाचा खर्च. नोकरीत ही यादी माझ्या टेबलाच्या काचेखाली असायची. ती का केली ते मला ठाऊक आहे. रुग्णालयं बिलात कापसापासून पिशवीपर्यंत काहीही घालायची आणि कोणती कंपनी काय कापेल याचा भरवसा नव्हता. ग्राहकाला निदान आधी कळावं म्हणून यादी झाली, आणि त्या कामासाठी ती चांगलीच होती. पण मिनरल वॉटर आणि ऑक्सिजन यांना एका ओळीत बसवताना, ऑक्सिजनवर घरी जगणारं मूल कुणाच्या मनात आलेलं नसणार. तेव्हा अशी मुलं घरी क्वचितच जात. ती आयसीयूत राहत किंवा दगावत.

मग मी दुसरं कलम काढलं, डोमिसिलिअरी हॉस्पिटलायझेशन, म्हणजे घरी राहून घेतलेले रुग्णालयाच्या तोडीचे उपचार. पुष्कळ पॉलिसींत ते असतं. पण त्याची व्याख्याही ठरलेली आहे: एक तर रुग्णाची अवस्था अशी हवी, की त्याला रुग्णालयात हलवताच येत नाही. किंवा रुग्णालयात खाट मिळत नसल्यामुळे तो घरी उपचार घेतो आहे असं हवं. तिसरी शक्यता व्याख्येत नाही. मूल स्थिर आहे, डॉक्टरांनीच घरी न्यायला सांगितलं आहे, पण यंत्राशिवाय एक रात्र निघणार नाही, ही तिसरी शक्यता. टीपीएकडून, म्हणजे कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडून, क्वेरी आली, मी उत्तर दिलं, पुन्हा क्वेरी आली. शेवटचं पत्र दोन ओळींचं होतं: रुग्ण हलवण्याजोगा होता, सबब कलम लागू नाही.

त्या दिवशी मी हॉस्पिटलची व्याख्या पुन्हा काढून आमच्या घराशी ताडून पाहिली. चोवीस तास नर्सिंग? आहे. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०१६ मध्ये घरी व्हेंटिलेटरवर असलेल्या मुलांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत म्हटलं आहे की अशा मुलाजवळ घरात सदैव जागं आणि प्रशिक्षित माणूस हवं, आणि घरातल्या किमान दोघांना सगळं शिकवलेलं हवं. आमच्याकडे तिघं आहेत. रात्री दहा ते दोन मी, दोन ते सहा मुलगा किंवा सून. रोजच्या नोंदी? आहेत. दोनशे पानी वहीत सॅच्युरेशन, नाडी, कफाचा रंग, दूध किती, मशीनवरचे आकडे, कुणी पाळी केली त्याची सही. क्लेमच्या फाइलींतल्या रुग्णालयांच्या नोंदी मी आयुष्यभर वाचल्या आहेत. आमच्या सूनबाईच्या वहीइतक्या नीट नोंदी त्यांत क्वचित होत्या. आमच्याकडे नाही ते ऑपरेशन थिएटर, आणि खाट एकच.

कंपन्यांची बाजू मी दुसऱ्या कुणापेक्षा जास्त समजू शकते. रुग्णालयातला खर्च कधीतरी संपतो, डिस्चार्जची तारीख असते, त्यावर गणित मांडता येतं. घरचा खर्च वर्षानुवर्षं चालणार. घरी खरंच काय वापरलं हे तपासणार कोण? खोटी बिलं येणार नाहीत कशावरून? हे प्रश्न खोटे नाहीत. खोटी बिलं मी स्वतः पकडलेली आहेत. पण हे यंत्र रोज किती तास चाललं, कोणत्या दाबावर चाललं, याची नोंद स्वतःच ठेवतं. डॉक्टर तो डेटा काढून बघतात. गळ्यातली नळी खोटी घालता येत नाही. आणि अशी मुलं हजारोंनी दारात उभी नाहीत. घराचं दार उघडलं तर ढीग येईल ही भीती फिजिओथेरपीच्या बाबतीत समजू शकते. इथे ती लागू पडत नाही.

शिवाय खर्चाचं म्हणाल, तर घरी महिन्याला कॅथेटर, फिल्टर, सर्किट, औषधं, वीज धरून पंधरा-वीस हजार लागतात. रात्रीची प्रशिक्षित नर्स ठेवली तर तेवढेच किंवा त्याहून जास्त वर. मशीनला सुरुवातीला काही लाख. हे सगळं मिळून आयसीयूतल्या थोड्या आठवड्यांच्या बिलात बसतं. आणि घरी काळजी नीट घेतली गेली नाही, कॅथेटर धुऊन पुन्हा वापरले, फिल्टर पुरवून पुरवून वापरले, तर न्यूमोनिया होतो आणि मूल पुन्हा आयसीयूत जातं. तो खर्च विमा आनंदाने भरतो. स्वस्त ते नाकारायचं आणि महाग ते मंजूर करायचं, असा हा हिशोब कंपनीच्याही फायद्याचा नाही.

हे कोडं दुसऱ्या एका देशाने आमच्या कितीतरी आधी पाहिलं. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स गावी १९७८ मध्ये केटी बेकेट ही मुलगी जन्मली. पाच महिन्यांची असताना मेंदूला संसर्ग झाला आणि श्वासासाठी यंत्र लागलं. खासगी विमा संपला, मग मेडिकेडने, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी योजनेने, रुग्णालयाचा खर्च उचलला. तीन वर्षांची झाली तरी ती रुग्णालयातच. डॉक्टर म्हणत होते घरी न्या. पण घरी नेलं की आईवडिलांचं उत्पन्न मोजलं जाणार आणि मेडिकेड बंद होणार. रुग्णालयातला खर्च घरच्या खर्चाच्या कितीतरी पट होता, आणि सरकार तोच भरत होतं. नोव्हेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत हे उदाहरण सांगितलं, आणि डिसेंबरात केटी घरी गेली. १९८२ मध्ये कायद्यात बदल झाला: ज्या मुलांना रुग्णालयाच्या तोडीची काळजी लागते, पण ती घरी कमी खर्चात देता येते, त्यांना आईवडिलांचं उत्पन्न न मोजता घरी मेडिकेड देण्याची मुभा राज्यांना मिळाली. तिची आई ज्यूली बेकेट पुढे आयुष्यभर अशा कुटुंबांसाठी लढली. केटी शिकली, स्वतः अपंगांच्या हक्कांसाठी बोलत फिरली आणि २०१२ मध्ये चौतिसाव्या वर्षी गेली. तिकडेही सगळं सुरळीत आहे असं नाही. पण छपराचा प्रश्न त्यांनी निदान ओळखला.

आणि आपल्याकडे हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. जुलै २०२० मध्ये, कोविडच्या काळात, इर्डाच्या आदेशावरून सगळ्या कंपन्यांनी 'कोरोना कवच' ही पॉलिसी काढली. तिच्यात घरी घेतलेल्या उपचारांचा खर्च चौदा दिवसांपर्यंत मंजूर होता. नर्स, डॉक्टरांची तपासणी, ऑक्सिमीटर, नेब्युलायझर आणि ऑक्सिजन सिलिंडर, तोच सिलिंडर. रुग्णालयांत खाटा नव्हत्या, म्हणून घराला उपचाराची जागा मानावं लागलं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं असावं, रोजच्या नोंदी ठेवलेल्या असाव्यात, एवढ्या अटींवर ते चाललं. म्हणजे घरची काळजी तपासायची कशी, हे आपल्याकडे लिहून झालेलं आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या सीजीएचएस या आरोग्य योजनेतही बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र, आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरी वापरायला परवानगी घेऊन मिळतात. आणि अलीकडे काही खासगी पॉलिसी जादा प्रीमियमवर अशा उपकरणांचा खर्च देऊ लागल्या आहेत. अर्थात ती पॉलिसी आजाराआधी घेतलेली हवी. पाळण्यातल्या बाळाला हे कुठून जमणार?

सरकारी योजनांचं थोडक्यात. आयुष्मान भारत आणि आपली महात्मा फुले योजना, दोन्हींत कुटुंबाला वर्षाला पाच लाख, पण दाखल झालात तर. २०२१ च्या दुर्मिळ आजारांच्या धोरणात ठरावीक आजारांसाठी, मुंबईच्या केईएमसारख्या नेमलेल्या केंद्रांतून, पन्नास लाखांपर्यंत मदत आहे. तिचा भर निदानावर आणि औषधोपचारावर आहे. आमच्या नातवाच्या आजारावर औषध नाही. त्याचं औषध म्हणजे हवा, ठरावीक दाबाने, ठरावीक वेळी.

मुलाच्या नोकरीबद्दल बोलायचं राहिलं. त्याला पुण्यात चांगली संधी आली होती, पगार बराच जास्त. पण ती कंपनी लहान, ग्रुप मेडिक्लेम नाही. स्वतःची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाची मिळून एक पॉलिसी, घ्यावी म्हणून प्रस्ताव भरला, तर नातवाचं नाव वगळून पॉलिसी देऊ म्हणाले. आधीपासूनच्या आजारासाठी थांबायची मुदत एप्रिल २०२४ पासून ४८ महिन्यांवरून ३६ वर आली, ते चांगलंच झालं. पण मुदत पॉलिसी मिळाल्यावर सुरू होते. ग्रुप पॉलिसीत बहुधा पहिल्या दिवसापासून सगळे आजार धरलेले असतात, म्हणून तो शिरवळला आहे तिथेच आहे, आणि राहील. घरी यंत्राला विमा नाही, पण उद्या आयसीयूची वेळ आली तर पाच लाख आहेत, यावर त्याची सगळी नोकरी बांधली गेली आहे. मी त्याला एक गोष्ट मात्र सांगितली आणि इतर आईवडिलांनाही सांगते. ग्रुप पॉलिसीच्या अटी दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी ठरतात आणि मालक कंपनी जादा पैसे देऊन त्यांत भर घालून घेऊ शकते. एचआरला नूतनीकरणाच्या दोन महिने आधी भेटा, डॉक्टरांचं पत्र घेऊन भेटा. पॉलिसी छापून आल्यावर उपयोग नाही.

डॉक्टरांच्या पत्रावरून आठवलं. 'होम केअर ॲडव्हाइज्ड' एवढंच लिहिलेलं पत्र क्लेममध्ये काही कामाचं नाही. पत्रात लिहून घ्या की मुलाला जी काळजी लागते ती रुग्णालयाच्या दर्जाची आहे, यंत्राशिवाय जीव जाईल, आणि घरी न नेल्यास त्याला आयसीयूतच ठेवावं लागेल. रोज किती तास यंत्र, कोणत्या मोडवर, महिन्याला किती कॅथेटर, किती फिल्टर, हे आकड्यांत. क्लेम बघणारा माणूस वाईट नसतो. त्याच्यासमोर कागद असतो आणि कागदात जे नाही ते त्याला दिसत नाही.

सूनबाईबद्दल मात्र कुठल्याच कागदात काही नाही. ती बँकेत होती. रजा संपली, बिनपगारी रजा संपली, मग राजीनामा दिला. तिच्या हातचं सक्शन बघून पुण्यातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "ताई, आमच्याकडे या कामाला." रुग्णालयात हेच काम करणाऱ्या सिस्टरचा पगार बिलातून जात होता आणि विमा तो देत होता. घरी तेच काम ती करते, जास्त तास करते, आणि त्याला आम्ही आईची माया म्हणतो. माया आहेच. पण माया सगळ्याच आया करतात, कॅथेटर सगळ्या घालत नाहीत. मध्यंतरी तिला ताप आला होता, तेव्हा मी म्हटलं, "अगं, आज रात्री तू झोप, मी बघते." ती म्हणाली, "आई, तुम्हाला दोननंतर ऐकू येत नाही नीट." खरं आहे ते. मला कानाचं यंत्र घ्यायचं आहे.

माझं मागणं फार मोठं नाही. डोमिसिलिअरीच्या व्याख्येत ती तिसरी शक्यता घाला: जीवरक्षक यंत्रावर असलेलं मूल, ज्याला तज्ज्ञ डॉक्टरांनी घरी पाठवलं आहे. घरच्या खर्चाला मर्यादा घाला, आयसीयूच्या खर्चाच्या अमुक टक्के अशी घाला, यंत्र भाड्याने द्या आणि गरज संपल्यावर परत घ्या, डेटा मागवा, कधीही येऊन तपासा. रात्रीच्या पाळीला नर्सचे पैसे द्या, निदान आठवड्यातल्या काही रात्री. आणि ऑक्सिजनचं नाव त्या यादीतून काढा. यातलं काहीही असं नाही, की ज्याचा नमुना आपल्याकडे किंवा दुसरीकडे आधीच तयार नाही.

कंपनीच्या तक्रार विभागाचं उत्तर आल्यावर मी विमा लोकपालांकडे अर्ज केला. तिथे फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचा दावा ऐकतात, आणि निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. व्याख्या लोकपाल बदलू शकत नाहीत, ते काम इर्डाचं आहे, आणि तिकडे मी वेगळं पत्र पाठवलं आहे. पण 'हलवण्याजोगा' म्हणजे काय, यावर त्यांना निकाल देता येईल. ज्या मुलाला हलवायचं तर व्हेंटिलेटर, सक्शन, ऑक्सिजन आणि दोन प्रशिक्षित माणसं बरोबर हलवावी लागतात, ते मूल हलवण्याजोगं आहे का, एवढाच प्रश्न मी अर्जात विचारला आहे. वहीच्या झेरॉक्स जोडल्या आहेत.

सुनावणी व्हिडिओ कॉलवर मागितली आहे. पुण्याला मी एकटी जाऊ शकले असते, पण बोलायला सूनबाई हवी, आणि ती खाटेपासून लांब जाऊ शकत नाही. फोन मधल्या खोलीतच लावणार आहोत. मध्ये अलार्म वाजला तर ती उठेल, आणि तेवढा वेळ सगळ्यांना थांबावं लागेल.